आजीच्या मागें आजीचें काम



घरांतील वडील माणूस गेल्यानंतर जो पहिला सण येतो तो फार कठीण जातो. भिंतीवर तसबीर असते, तिला ताजा हार असतो. परंतु पानावर बसल्यावर घास घशाखालीं उतरत नाहीं. पुष्कळ घरीं त्या वर्षीं सण करीतच नाहींत. हा शोक खरा आहे. त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण पुढच्या वर्षीं काय करावयाचें, आणि त्याच्या पुढच्या वर्षीं काय? गेलेल्या आजीचा मान राखण्याचा याहून चांगला मार्ग कोणता, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. प्रथम आमच्या घरची हकीकत सांगतों, कारण तींत आमच्या चुका आहेत, आणि त्या चुकांतून मिळालेला धडाहि आहे.

माझ्या मातोश्री, म्हणजे माझ्या मुलांची आजी, पावसाळ्याच्या अखेरीस वारल्या. नाताळच्या सुटींत त्या दररोज पहांटे चुलीवर उकड्या तांदळाच्या पेजेचें मोठें पातेलें चढवीत. नऊच्या सुमारास पेज व लिंबाचें लोणचें घेऊन त्या बाहेर पडत आणि दोन तासांनीं रिकामें भांडें घेऊन परत येत. "आई, कोठें गेली होतीस?" असें मीं कधीं विचारलें नाहीं. आम्ही सुटीवर होतों. मुलें भाट्याच्या वाळूंत खेळत, मी ओटीवर वाचीत बसें. "आजी, नेवऱ्या झाल्या का ग?" एवढाच काय तो घरांतील मुलांचा तिच्या कामाशीं संबंध.

त्या गेल्या त्या वर्षीं डिसेंबरांत एक वृद्ध बाई दाराशीं आली. ती लांज्याकडची, मुलाच्या दुखण्यासाठीं दुसऱ्यांदा इस्पितळांत येऊन राहिली होती. तिनें विचारलें, "पेज आणणाऱ्या आजी येथेंच राहतात ना? औंदा दिसल्या नाहींत." तेव्हां आम्हांस प्रथम कळलें कीं, ती पेज रोग्यांसाठीं व त्यांच्यापाशीं बसलेल्या परगांवच्या माणसांसाठीं जात असे. इतकीं वर्षें एका घरांत राहून आम्हांस आमच्या आजीचें काम ठाऊक नव्हतें.

"आपणहि जाऊं," असा मुलांनीं हट्ट धरला. मला आनंद झाला, आणि उत्साहाच्या भरांत पहिली चूक मींच केली. बाजारांतून केक व मिठाई आणून आम्हीं सुबक पुड्या बांधल्या, प्रत्येक पुडीवर "कै. आजींच्या स्मरणार्थ" अशी चिठ्ठी लाविली, आणि सर्वजण नवे कपडे घालून इस्पितळांत गेलों. कोणास मधुमेह होता, कोणास ताप होता, कोणाची शस्त्रक्रिया झाली होती. पुड्या उशाशीं तशाच राहिल्या. एक म्हातारे गृहस्थ माझ्या मुलाला म्हणाले, "बाळा, गोड नको रे. ऊन ऊन पातळ कांहीं आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून, तेथील परिचारिकांची रीतसर परवानगी घेऊन, आम्ही पेज नेऊं लागलों. पेज ही साधी दिसते, पण ती रोग्याला कां मानवते हें समजून घेण्यासारखें आहे. उकडा तांदूळ करतांना भात आधीं भिजवून वाफवतात, मग वाळवून सडतात. त्यामुळें कोंड्यांतील ब जीवनसत्त्वाचा कांहीं अंश दाण्यांत उतरतो. असा तांदूळ भरपूर पाण्यांत मऊ शिजविला, मीठ घातलें, कीं अशक्त माणसालाहि ती पेज पिववते. पाणी, मीठ व अन्न हीं तिन्ही एकदम पोटांत जातात. आमच्या आजीनें हें शास्त्र वाचलें नव्हतें. तिला तें ठाऊक होतें.

तिसऱ्या दिवशीं आमची दुसरी चूक उघडी झाली. मुलें व मी पेज वाटून, चार लोकांचे आशीर्वाद घेऊन, मोठ्या समाधानानें घरीं आलों. माझी पत्नी चार वाजतां उठली होती. ती अजून भांडीं घांशीत होती. ती शांतपणें म्हणाली, "आईंचें काम तुम्हीं घेतलें नाहींत. तें माझ्यावर टाकलेंत."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. त्या दिवसापासून कामाची वांटणी झाली. तांदूळ निवडणें व धुणें मुलीकडे, चूल व ढवळणें मोठ्या मुलाकडे, आणि पातेलें घांसणें माझ्याकडे. पातेल्याच्या बुडाशीं लागलेली पेज काथ्यानें खरवडतांना मला समजलें कीं, आजवरची माझी प्रत्येक सुटी कोणाच्या तरी श्रमावर उभी होती.

हें समजल्यावर एक चरित्र मला पुन्हां वाचावेंसें वाटलें. तें आपल्याच जिल्ह्यांतील एका बाईचें आहे.

देवरुखच्या जोशी घराण्यांतील गोदूबाईंना लहानपणींच वैधव्य आलें. त्यांचे बंधु नरहरपंत यांनीं त्यांना मुंबईस नेलें. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें, तेथें दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी त्या ह्याच. पुढें १८९३ मध्यें त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला व त्या आनंदीबाई झाल्या. त्यांना सर्वजण बाया म्हणत. कर्वे हे दापोली तालुक्यांतील मुरुडचे. विधवेशीं विवाह केला म्हणून गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला.

अण्णा कर्वे यांनीं १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्यें पुण्याजवळ हिंगणें येथें, रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या जागेंत एक झोंपडी बांधून आश्रम तेथें नेला. फर्ग्युसन कॉलेजांतील शिकवणें संपवून अण्णा पायीं हिंगण्यास जात, ही गोष्ट तुमच्यापैकीं पुष्कळांनीं वाचली असेल. बायांची गोष्ट मात्र थोड्यांनींच वाचली असेल. अण्णा आश्रमाच्या कामांत असतां पुण्यांतील ओढाताणीचा संसार बाया चालवीत. त्या पुनर्विवाहित, त्यांना आश्रमांत घेतलें तर जुन्या मताचे लोक आपल्या मुली पाठविणार नाहींत, या भीतीनें ज्या आश्रमासाठीं त्यांचें घर झिजत होतें त्या आश्रमांत त्यांनाच जागा नव्हती. अण्णांनीं आपल्या विम्याची पांच हजार रुपयांची पॉलिसीहि संस्थेला देऊन टाकली, तेव्हां बाया रागावल्या. मुलाबाळांच्या आईनें रागावूं नये तर काय करावें? अण्णांचें दान थोर खरेंच. परंतु त्या दानाचा मोठा भार बायांच्या खांद्यावर होता, हें सांगितल्यावांचून ती कथा पुरी होत नाहीं.

या घराण्यानें मागल्या पिढीचें काम पुढें कसें नेलें तें पाहा. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याहि विधवा होत्या. त्या आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि गांवोगांव फिरून त्यांनीं संस्थेसाठीं वर्गणी जमविली. इंग्रजी फारसें येत नसतां १९१८ मध्यें त्या अमेरिकेसहि गेल्या. बायांचे पुत्र भास्करराव व सून कावेरीबाई यांनीं हिंगण्याच्या संस्थेंतच काम केलें. कावेरीबाईंनीं आणखी एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. बायांच्या आठवणी त्यांच्या हयातींतच संपादून त्यांनीं "माझें पुराण" हें पुस्तक सिद्ध केलें. तें १९४४ मध्यें प्रसिद्ध झालें. बाया १९५० मध्यें वारल्या. सासूचें काम आणि सासूचें गाऱ्हाणें, दोन्ही सुनेनें जतन केलीं. हिंगण्याची ती जागा आतां कर्वेनगर म्हणून ओळखली जाते, आणि महर्षि कर्वे स्त्रीशिक्षण संस्था तेथें आजहि चालते.

याच संस्थेनें सणाला सेवेशीं जोडण्याची एक सुंदर रीत महाराष्ट्राला दिली, तिचें नांव भाऊबीज निधि. कार्तिक शुद्ध द्वितीयेला बहीण भावाला ओंवाळते व भाऊ तिच्या ताटांत ओंवाळणी घालतो. आश्रमांतील मुलींना ओंवाळणी कोण घालणार? समाजानेंच त्यांचा भाऊ व्हावें, अशी ही कल्पना. दिवाळीच्या दिवसांत संस्थेचे हितचिंतक पावतीपुस्तक घेऊन परिचितांच्या घरीं जातात व प्रत्येकाकडून यथाशक्ति भाऊबीज घेतात. रक्कम लहान, पण घरें अनेक, आणि क्रम दरवर्षींचा. म्हणून त्या निधीला बळ आलें. फिरणाऱ्यांची सुटी त्यांत खर्च होते, हेंच त्याचें खरें मोल.

देवरुखचेंच आणखी एक नांव येथें घेतलें पाहिजे. अकालीं वैधव्य आलेल्या इंदिराबाई हळबे यांनीं १९५४ मध्यें तेथें मातृमंदिर ही संस्था काढली. लहानशा प्रसूतिगृहापासून तें काम वाढत गेलें. लोक त्यांना मावशी म्हणत. १९९८ मध्यें मावशी गेल्या, पण काम थांबलें नाहीं. ज्या गांवानें बायांना जन्म दिला त्या गांवांत आपुलकीचें नातें असें पुन्हां संस्था होऊन उभें राहिलें.

आतां या सर्वांवरून आपण काय घ्यावयाचें?

पहिली गोष्ट, आजी काय करीत असे तें आधीं शोधून काढावें. शेजारणीला, कामवाल्या बाईला, मासळीवालीला विचारावें. घरच्यांना जें ठाऊक नसतें तें त्यांना ठाऊक असतें. आपणांस जें करावेंसें वाटतें त्यावर तिचें नांव घालणें म्हणजे तिचें स्मरण नव्हे.

दुसरी गोष्ट, ज्याची सेवा करावयाची त्याला काय हवें तें विचारावें. मिठाईच्या पुड्या आमच्या हौसेसाठीं होत्या. पेज त्यांच्यासाठीं होती. चिठ्ठ्या तर केवळ आमच्यासाठीं होत्या. दुसऱ्या वर्षापासून आम्हीं त्या लाविल्या नाहींत.

तिसरी गोष्ट, काम लहान घ्यावें, पण दरवर्षीं करावें. एका नाताळांत शंभर माणसांना जेवूं घालून पुढें विसरण्यापेक्षां दहा माणसांची पेज दहा वर्षें नेणें अधिक बरें.

चौथी गोष्ट मुख्यतः मुलग्यांसाठीं व त्यांच्या वडिलांसाठीं आहे. आजीच्या नांवानें केलेली सेवा जर आईच्या पाठीवर पडली, तर आजीचें ओझें फक्त एका बाईकडून दुसरीकडे गेलें. त्यांत मान कोणाचाच राहिला नाहीं. घरांतील प्रत्येकानें कामाचा एक असा भाग उचलावा कीं ज्याची कोणी स्तुति करीत नाहीं. पेज वाटणाऱ्याला आशीर्वाद मिळतो; पातेलें घांसणाऱ्याला मिळत नाहीं. म्हणून पातेल्यापासूनच आरंभ करावा.

ज्यांची आजी हयात आहे त्यांचें भाग्य मोठें. त्यांना या सुटीसाठीं एक अभ्यास देतों. एक दिवस पहांटे आजीबरोबर उठा आणि रात्रीं ती निजेपर्यंत तिच्या मागें मागें राहा. तिनें काय काय केलें तें वहींत क्रमानें लिहा. "हें तूं कोणाकडून शिकलीस?" आणि "तुला यांतलें काय नकोसें वाटे?" हे दोन प्रश्न तिला अवश्य विचारा, व तिचें उत्तर तिच्याच शब्दांत उतरून घ्या. मग त्या यादींतील एक काम त्याच दिवसापासून आपल्याकडे घ्या.

आमच्या घरीं ही वही नाहीं. ती लिहिण्याची वेळ होती तेव्हां मी ओटीवर पुस्तक वाचीत होतों.