लॅटिन शिकू या : विधानाची प्रार्थना होते तेव्हा



कबरस्थानातील क्रुसांवर 'आर.आय.पी.' ही तीन अक्षरे आपण नेहमी पाहतो. ती 'रेक्वीएस्कात इन पाचे' या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. त्यातील पहिला शब्द नीट समजावा म्हणून आज क्रियापदाचे इच्छा दर्शविणारे रूप शिकू या.

मराठीत 'येतो' म्हटले की माहिती होते, 'येवो' म्हटले की इच्छा होते. लॅटिनमध्येही शेवटच्या स्वरातच हा फरक होतो. लॅटिन क्रियापदांचे चार गट आहेत. वर्तमानकाळातील नियम असे :

१. पहिला गट : 'आ'चा 'ए' होतो. लाउदात (स्तुती करतो) – लाउदेत (स्तुती करो).

२. दुसरा गट : 'ए'नंतर 'आ' येतो. मानेत (राहतो) – मानेआत (राहो).

३. तिसरा गट : 'इ'च्या जागी 'आ' येतो. बेनेदीचित (आशीर्वाद देतो) – बेनेदीकात (आशीर्वाद देवो). 'इ' आणि 'ए' या स्वरांआधी 'क'चा उच्चार 'च' होतो, म्हणून 'चित'चे 'कात' झाले.

४. चौथा गट : 'इ'नंतर 'आ' येतो. आदवेनित (येतो) – आदवेनिआत (येवो).

थोडक्यात, पहिल्या गटाला 'ए', बाकीच्यांना 'आ'. 'एस्त' (आहे) याचे 'सित' (असो) होते, ते मात्र पाठच करावे लागते.

प्रभूच्या प्रार्थनेतील पहिल्या तीन मागण्या याच रूपात आहेत. त्यांपैकी तिसरीतील 'फियात' (होवो) हा शब्द पवित्र मरियेने देवदूताला दिलेल्या उत्तरातही आहे.

आता पुन्हा कबरीकडे वळू. 'रेक्वीएशित' म्हणजे 'विसावा घेत आहे'. रोममधील प्राचीन ख्रिस्ती कबरलेखांत हेही रूप आढळते. ते श्रद्धेने केलेले विधान आहे. 'रेक्वीएस्कात' म्हणजे 'विसावा घेवो'. ही मृतासाठी केलेली विनंती आहे. आपल्या माणसाचा निवाडा आपण करीत नाही. तो देवाच्या दयेवर सोपवून आपण मागत राहतो. म्हणूनच २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावताना ती तीन अक्षरे नुसती पाहू नयेत, प्रार्थना म्हणून म्हणावीत.

सराव : 'आउदित' (ऐकतो) हे चौथ्या गटातील क्रियापद आहे. 'ऐको' कसे म्हणाल?

(उत्तर : आउदिआत)