दोन किलो बियाणे

प्रस्तावना

'जैवविविधता' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर दाट अरण्ये, वाघ, हत्ती आणि रंगीबेरंगी पक्षी उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु जैवविविधता आपल्या ताटातही असते. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या निरनिराळ्या जाती ही तिची एक पातळी. त्यांना सामावून घेणारी अरण्ये, पाणथळ जागा, समुद्रकिनारे ही दुसरी पातळी. आणि एकाच जातीच्या पोटात आढळणारे भेद ही तिसरी. आंबा एकच, पण हापूस, पायरी आणि रायवळ यांची चव वेगळी, साल वेगळी, हंगामही थोडा वेगळा. या तिसऱ्या पातळीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तिची ओळख करून घेण्यासाठी या पाठात आपण महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या काठी जाणार आहोत.

मूळ पाठ

तंजावूर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि १८५५ साली इंग्रजांनी ते खालसा केले. या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, धन्वंतरी महालात औषधींचा अभ्यास करविला आणि औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. आजही तमिळनाडूत तंजावुरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या पूर्वजांनी ज्वारी-बाजरीचा मुलूख मागे टाकून भाताच्या देशात संसार थाटला, असे म्हणायला हरकत नाही.

कारण हा प्रदेश खरोखरच भाताचा देश आहे. समुद्राला मिळण्यापूर्वी कावेरी येथे अनेक फाट्यांनी पसरते. चोळ राजा करिकाल याच्या नावाशी जोडलेला कल्लणै हा प्राचीन बंधारा आणि १९३४ साली पूर्ण झालेले मेट्टूर धरण यांच्या पाण्यावर येथील शिवार हिरवे होते. जूनच्या १२ तारखेला मेट्टूरचे दरवाजे उघडावेत, असा प्रघात आहे. त्या पाण्यावर आधी 'कुरुवै' हा अल्पमुदतीचा हंगाम आणि मग 'सांबा' हा लांब मुदतीचा हंगाम घेतला जातो.

या शिवारात पूर्वी एक भात नव्हते, शेकडो भाते होती. त्यांच्या नावांतच त्यांचे गुण सांगितलेले असत. 'काट्टुयानम' म्हणजे रानहत्तीचे भात. त्याचे पीक इतके उंच वाढते की त्यात हत्तीही दिसेनासा व्हावा. पाणी साचणाऱ्या खोलगट जमिनीत ते तग धरते. 'माप्पिळ्ळै सांबा' म्हणजे जावईबापूंचे भात. जावयाने लग्नापूर्वी जड दगड उचलून आपले बळ सिद्ध करावे आणि त्यासाठी हा तांबडा भात खावा, अशी कथा सांगतात. 'कलर' म्हणजे खारपट जमीन. तीत येणारे भात ते 'कलरपालै'. 'अरुपदाम कुरुवै' म्हणजे साठ दिवसांत हाती येणारे भात. आपल्याकडची साठेसाळ आणि आयुर्वेदातील षष्टिक यांचे नावही याच हिशोबाने पडले आहे. गोव्यातील खाजन जमिनीत होणारे कोरगुट आणि कावेरीकाठचे कलरपालै यांनीही एकाच अडचणीवर, एकमेकांपासून दूर राहून, उत्तर शोधले.

विचार करा : अशी नावे कोणी ठेवली असतील? ती ठेवण्यापूर्वी किती वर्षे पिकाचे निरीक्षण करावे लागले असेल?

मग ही भाते गेली कोठे? याचे उत्तर देताना घाईने कोणाला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. १९६० च्या सुमारास देशात धान्याची टंचाई होती. अधिक उत्पादनासाठी निवडलेल्या देशातील पहिल्या काही जिल्ह्यांत तंजावूरचा समावेश झाला. जवळच्या आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राने तयार केलेला एडीटी-२७ हा वाण आणि फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेचा १९६६ सालचा आयआर-८ हा बुटका वाण यांसारखी नवी बियाणी आली. रासायनिक खत घातले की उंच देशी भात आडवे पडे. बुटके ताठ उभे राही आणि दाणेही अधिक देई. कोठारे भरली, लोकांची भूक भागली. ही गोष्ट विसरून जुन्या वाणांचे गोडवे गाणे बरे नव्हे.

परंतु या लाभाची किंमतही होती. देशी वाण दरवर्षी पेरला तरच टिकतो. काही हंगाम तो पेरला गेला नाही, तर घरातील बियाण्याची उगवणशक्ती संपते. वाण नाहीसा होतो आणि त्याचा गाजावाजाही होत नाही. वाघ मेला तर बातमी होते. भाताच्या वाणाचे तसे नसते. उंच भाताबरोबर गुरांची वैरण आणि घरे शाकारण्याचा पेंढा कमी झाला. कीटकनाशकांनी किडींबरोबर त्यांना खाणारे कोळी आणि बेडूकही मारले. मैलोगणती एकाच प्रकारचे पीक उभे राहिल्यावर तपकिरी तुडतुड्यांना तर मेजवानीच मिळाली.

हे तुडतुडे एक विषाणूजन्य रोगही पसरवतात. त्या रोगाने रोप खुरटते आणि गवतासारखे दिसू लागते. १९७० च्या दशकाच्या आरंभी आशियातील अनेक देशांत त्याने भातपिकाचे मोठे नुकसान केले. रोगाला दाद न देणारे भात शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. अपेक्षित गुण सापडला तो एकाच नमुन्यात. तो होता उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानभाताचा, आणि त्याचे शास्त्रीय नाव ओरायझा निवारा. संस्कृत काव्यांतील आश्रमांत ज्या नीवाराचे दाणे विखुरलेले असतात, त्याच शब्दावरून हे नाव आले आहे. ज्या गवताला शेतकरी तण समजून उपटून टाकतो, त्याने आशियाची शेते सावरली! तो नमुना गोळा होण्यापूर्वी ते डबके बुजले असते तर?

आता कावेरीकाठी परत येऊ. तंजावूर जिल्ह्यातील इळंगाडू गावी १९३८ साली जन्मलेले जी. नम्माळवार हे कृषिपदवीधर होते. संशोधन केंद्रातील नोकरी सोडून त्यांनी सेंद्रिय शेतीच्या प्रसाराला वाहून घेतले. २००३ साली त्यांनी कावेरीच्या प्रदेशात काढलेल्या पदयात्रेत जुन्या भाताचे मोजके वाण हाती आले. त्यांच्या जतनाचे काम त्यांचे सहकारी जयरामन यांनी अंगावर घेतले. तमिळमध्ये भाताला 'नेल' म्हणतात. लोक त्यांना 'नेल' जयरामन म्हणू लागले. पूर्वी तंजावूर जिल्ह्यात असलेल्या आणि आता तिरुवारूर जिल्ह्यात मोडणाऱ्या आदिरंगम या गावी २००६ पासून ते बीजोत्सव भरवू लागले. उत्सवाचा नियम साधा होता. शेतकऱ्याने दोन किलो बियाणे विनामूल्य न्यावे, पेरावे आणि पुढील वर्षी चार किलो परत करावे. त्या चार किलोंतून आणखी दोन शेतकऱ्यांची सोय होई. हिशोब शाळकरी मुलाला समजेल असा. पण त्यातून सुमारे १७४ वाण पुन्हा शेतात आले. ६ डिसेंबर २०१८ रोजी, पन्नाशीतच, जयरामन यांचे निधन झाले.

बियाणे शीतगृहातही ठेवता येते. आपल्या राष्ट्रीय जनुकपेढीत तसे नमुने जपलेले आहेत आणि ते आवश्यकच आहेत. मात्र पेढीतील दाणा ज्या वर्षी ठेवला त्या वर्षासारखाच राहतो. शेतातील दाणा लांबलेला पाऊस, नवी कीड, वाढता खारटपणा यांना तोंड देत पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातो. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीने नागपट्टिनमच्या किनारी शेतांत समुद्राचे पाणी शिरले, तेव्हा खारपट जमिनीत टिकणाऱ्या जुन्या वाणांची आठवण झाली, ती यामुळेच.

तरीही अडचण आहेच. काट्टुयानमला सुमारे सहा महिने लागतात. खंडाने जमीन कसणाऱ्याला इतके दिवस थांबणे परवडेलच असे नाही. उतारा कमी, आणि चांगला भाव देणारा ग्राहक शहरात. शासनाने २०२० साली कायदा करून या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्राचा दर्जा दिला. त्यामुळे काही घातक उद्योगांपासून जमिनीला संरक्षण मिळाले. पण त्या जमिनीत कोणता वाण पेरायचा, हे अखेर शेतकऱ्याच्या हिशोबावरच ठरते.

आपल्याकडे अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी भाते, वाल आणि भाजीपाल्याची बियाणी याच जिद्दीने जपली. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी महिलेला २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घरच्या बियाणे बँकेतून बी नेणाऱ्यालाही दुप्पट बी परत करावे लागते.

करून पाहा

तुमच्या गावातील किंवा नात्यातील वयोवृद्ध स्त्रीला भेटा. तिच्या लहानपणी घरी कोणकोणती भाते, ज्वारी, वाल किंवा वांगी होत असत, त्यांची नावे विचारून वहीत लिहा. त्यांतील ज्यांचे बी आज कोणाच्या तरी घरी आहे, त्या नावांपुढे त्या घराचाही उल्लेख करा.