कागदावरचे पुस्तक आणि पडद्यावरचे पुस्तक

शास्त्रपाठ : २ राजे २२:८-१३, यिर्मया ३६, नहेम्या ८:१-८



उपासनेत शास्त्रभाग जाहीर झाला की पूर्वी पाने उलटल्याचा आवाज मंदिरभर होत असे. आता पुष्कळ जण खिशातून मोबाईल काढतात आणि दोन क्षणांत तो अध्याय समोर आणतात. काही वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही. त्यांना वाटते, पवित्र शास्त्र हातात असावे. बाजाराचे निरोप ज्या यंत्रात येतात त्यात ते असू नये. तरुण उत्तर देतात की वचन तेच आहे, मग ते कागदावर वाचले काय आणि काचेवर वाचले काय? हा वाद केवळ सोयीचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्यामागे एक मोठा प्रश्न आहे. आपण जे वाचतो ते आपल्या मुलांपर्यंत कसे पोहोचणार? पवित्र शास्त्राच्या प्रकाशात आपण याचा विचार करू.

१. दोन राजे आणि दोन घराणी

योशीया राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असता हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणीसाने तो राजाला वाचून दाखवला. वचने ऐकताच राजाने आपली वस्त्रे फाडली आणि परमेश्वराचा शोध घेण्यास माणसे पाठवली.

पुढे योशीयाचा पुत्र यहोयाकीम गादीवर बसला. यिर्मयाने सांगितलेली वचने बारूखाने शाईने गुंडाळीत लिहिली होती. ती राजापुढे वाचली जाऊ लागली तेव्हा हिवाळा होता व समोर शेगडी पेटलेली होती. तीनचार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकी. अशी सगळी गुंडाळी जळाली. शास्त्र मुद्दाम नोंदवते की त्या वेळी कोणी भ्यायले नाही व कोणी वस्त्रे फाडली नाहीत.

बाप व मुलगा, दोघांपुढेही शाईने लिहिलेली गुंडाळीच होती. बापाने वस्त्रे फाडली, मुलाने गुंडाळी फाडली. तेव्हा वाचनाचे साधन जुने, प्रतिष्ठित आणि पवित्र मानलेले असले म्हणजे वाचणाऱ्याचे हृदय नम्र होतेच असे नाही.

आता दुसरे घराणे पाहा. ज्या शाफानाने योशीयाला ग्रंथ वाचून दाखवला, त्याचा पुत्र गमऱ्या याच्याच खोलीत बारूखाने यिर्मयाची गुंडाळी लोकांना वाचून दाखवली. शाफानाचा नातू मीखाया याने ती वचने ऐकली व धावत जाऊन सरदारांना कळवली. राजा गुंडाळी जाळीत असता ती जाळू नये अशी विनंती करणाऱ्यांत गमऱ्या होता. राजाच्या घरात वचनाचा आदर एका पिढीत संपला, चिटणिसाच्या घरात तो तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचला. पुस्तक कोणत्या प्रकारचे घ्यावे हे ठरवताना हे दुसरे घर आपल्या डोळ्यांपुढे असावे.

२. पुस्तकाचे रूप बदलत आले आहे

लूक ४ मध्ये प्रभु येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून नेमके स्थळ काढतो. तो ग्रंथ गुंडाळी होता. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरान येथे यशयाची जी जुनी गुंडाळी सापडली ती ७ मीटरांहून अधिक लांब असून तिच्यात ५४ रकाने आहेत. प्रभूने वाचलेला भाग आपल्या पुस्तकात ६१व्या अध्यायात येतो. एवढ्या लांब गुंडाळीत शेवटाकडील जागा शोधणे किती कष्टाचे असेल याची कल्पना करावी.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आपल्या लेखांसाठी गुंडाळीऐवजी पाने दुमडून शिवलेले पुस्तक पसंत केले. नव्या कराराचे जे अतिप्राचीन अवशेष मिळाले आहेत ते बहुतेक अशाच पुस्तकांतील आहेत. आज ज्याला आपण जुनी रीत म्हणतो तीच एके काळी नवी होती. परंतु यहूदी लोकांनी उपासनेतील तोराचे वाचन हस्तलिखित गुंडाळीवरूनच चालू ठेवले. आपल्या कोकणातून आलेल्या बेने इस्राएल बांधवांच्या सभास्थानांतही हीच रीत आहे. अभ्यासासाठी मात्र तेही छापील पुस्तके वापरतात. एक रूप आले म्हणून दुसरे टाकून दिले पाहिजे असे नाही. प्रत्येकाला त्याचे काम नेमून देता येते.

मराठीचा इतिहासही हेच सांगतो. १८११ मध्ये सिरामपूरहून मराठी नवा करार छापून निघाला. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. तेथील खिळे जुळवण्याचे काम स्त्रियांनी केले. छापखाना हेदेखील त्या काळचे यंत्रच होते. त्या यंत्राचा आपल्या पूर्वजांनी वचनासाठी उपयोग केला.

३. पडद्यावरचे पुस्तक कोठे उपयोगी पडते?

पहिली गोष्ट, अधू दृष्टीच्या माणसांसाठी. ज्या आजींना बारीक टाइपाचे शास्त्र आता वाचवत नाही, त्यांना नातवाने अक्षरे बोटाएवढी मोठी करून दिली तर त्या पुन्हा आपल्या आपण स्तोत्रे वाचू शकतात. ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांना ऐकता येते. अशा वेळी मंदिरात कोणाच्या हाती मोबाईल दिसला म्हणून लगेच कपाळाला आठी घालू नये.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी. बेळगावात कोणी कन्नड शाळेत जातो, बडोद्यात कोणी गुजराती, हैदराबादेत कोणी तेलुगू वा इंग्रजी. घरी मराठी समजते, पण मराठी पान समोर आले की वाचन अडखळते. असे मूल मोबाईलवर मराठी अध्याय ऐकत ऐकत डोळ्यांनी ओळी पाहू शकते आणि अर्थ अडला तर शाळेच्या भाषेतले तेच वचन शेजारी उघडू शकते. संडेस्कूलच्या शिक्षकांनी या सोयीचा अवश्य लाभ घ्यावा.

तिसरी गोष्ट, शोधासाठी. एखादा शब्द शास्त्रात कोठे कोठे येतो हे पाहणे, दोन भाषांतरांची तुलना करणे, बाजारात न मिळणारे जुने पुस्तक वाचणे, ही कामे पडद्यावर लवकर होतात. रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा फिरतीच्या नोकरीतल्या माणसाला सगळे शास्त्र खिशात नेता येते, हीही लहान गोष्ट नाही.

४. छापील पुस्तक कोठे उपयोगी पडते?

स्पेन व इस्राएल येथील संशोधकांनी २०१८ मध्ये एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात ५४ अभ्यासांतील १,७१,०५५ वाचकांचे निष्कर्ष एकत्र केले होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा काहीसा अधिक समजला, आणि वेळ मोजून दिलेला असता हा फरक वाढला. कथा वाचताना मात्र असा फरक आढळला नाही. यावरून शिक्षकांना एक सूचना घेता येईल. योसेफाची कथा मुलांनी कशावरही वाचली तरी फारसे बिघडत नाही. पण रोमकरांस पत्रातील युक्तिवादाचा माग काढायचा असेल तर छापील पान, पेन्सिल आणि सवड हवी.

मोबाईलमध्ये पुस्तक एकटे नसते. वाचता वाचता घंटी वाजते, निरोप येतो, बोट दुसरीकडे जाते आणि अर्ध्या तासाने आपण भलत्याच ठिकाणी असतो. छापील पुस्तक आपल्याला दुसरीकडे बोलावत नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. नहेम्या ८ मध्ये एज्राने सर्व लोकांच्या देखत ग्रंथ उघडला. पुरुष, स्त्रिया आणि समजण्याइतकी मोठी मुले समोर होती. ग्रंथ उघडताच लोक उभे राहिले. त्या मुलांना नियमशास्त्रातले किती कळले असेल कोण जाणे, पण आपल्या आईबापांना उभे राहताना त्यांनी पाहिले.

आता आपले घर पाहा. वडील सकाळी मोबाईल हाती घेऊन बसले आहेत. ते स्तोत्र वाचत आहेत, की बाजारभाव, की क्रिकेटचे धावफलक, हे मुलाला कसे कळावे? बाहेरून सगळे सारखेच दिसते. बाप खरोखर प्रार्थनेत असला तरी मुलाला एवढेच दिसते की बाबा मोबाईल पाहत आहेत. उघडलेले छापील शास्त्र मात्र ओळखू येते. त्याला हात लागतो, त्यातल्या खुणा दिसतात, कोपऱ्यावर लिहिलेली तारीख पाहून मूल विचारते की या दिवशी काय झाले होते? मग आजोबांचे आजारपण, त्या वेळी वाचलेले वचन आणि देवाने दाखवलेली दया यांविषयी बोलणे निघते. अनुवाद ६ मध्ये घरी बसता व वाटेने चालता मुलांशी वचनांविषयी बोलत जाण्याची आज्ञा आहे. त्या बोलण्याला असे पुस्तक निमित्त देते.

५. अधिक टिकते कोणते?

काही जण म्हणतात, पडद्यावरचे पुस्तक कधी जीर्ण होत नाही. हे पुरते खरे नाही. २००९ मध्ये अमेझॉन कंपनीने विक्रीच्या हक्काचा प्रश्न निघाल्यावर जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली.

छापले म्हणजे टिकले, असेही नाही. गोव्यातील जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण प्रथम १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ नष्ट झाला नाही, कारण तो गाणाऱ्या व वाचणाऱ्या भाविकांनी हाताने नकला करून ठेवल्या होत्या. अशा हस्तलिखितांवरून तो १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापण्यात आला.

यिर्मयाची गुंडाळीही जळाली होती. यिर्मयाने पुन्हा सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले आणि तशाच आणखी वचनांची भर पडली. वचन टिकवणारा देव आहे, आणि तो हे काम माणसांच्या हातून करून घेतो. ज्या पुस्तकावर कोणाचे प्रेम आहे ते पुन्हा लिहिले जाते. ज्यावर कोणाचेच प्रेम नाही ते कपाटात असले काय आणि यंत्रात असले काय, बंदच राहते.

६. मग निवड कशी करावी?

पुस्तकाकडून आपल्याला कोणते काम करून घ्यायचे आहे, ते पाहून निवड करावी. शोधणे, ऐकणे, प्रवासात नेणे आणि अधू डोळ्यांना साह्य करणे, या कामांसाठी पडदा वापरावा. सावकाश मनन, एकत्र वाचन आणि मुलांच्या हाती वारसा सोपवणे यांसाठी कागद वापरावा. व्यवहारात पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

घरी : कौटुंबिक प्रार्थनेसाठी एक छापील मराठी शास्त्र ठरावीक जागी ठेवावे व ते आळीपाळीने सर्वांनी मोठ्याने वाचावे. ज्या मुलाला मराठी वाचता येत नाही त्याला दोनच ओळी द्याव्यात, पण द्याव्यात. एकट्याने मोबाईलवर वाचत असलात तर एखादे वचन घरच्यांना मोठ्याने ऐकवावे, म्हणजे आपण काय वाचत होतो हे त्यांनाही कळेल.

मंदिरात : व्यासपीठावरील वाचन सर्वांना दिसेल अशा उघड्या छापील शास्त्रातून व्हावे. बाकांवर बसलेल्यांनी मोबाईल वापरल्यास त्याची घंटी व निरोप बंद ठेवावेत.

संडेस्कूलमध्ये : नवे मूल वर्गात आले की त्याच्या नावाचे छापील शुभवर्तमान त्याला द्यावे. पाठांतर कागदावरून आणि उच्चार ऐकणे मोबाईलवरून, अशी वाटणी सोयीची होते.

आणखी एक गोष्ट. मराठी ख्रिस्ती पुस्तकांच्या परवानगीवाचून केलेल्या प्रती मोबाईलवरून फिरवू नयेत. आठवी आज्ञा तेथेही लागू आहे. आपली प्रकाशने थोड्या प्रती छापून कशीबशी चालतात. ती बंद पडली तर पुढच्या पिढीला ना कागदावर काही मिळेल, ना पडद्यावर.

शेवटी शाफानाच्या घराकडे पुन्हा वळू. त्याने राजाला ग्रंथ वाचून दाखवला. पुढे त्याच्या मुलाने वचनासाठी आपली खोली उघडली आणि त्याचा नातू ऐकलेले सांगण्यासाठी धावला. आज रात्री आपल्या घरी जे काही पुस्तक उघडले जाईल, ते मोठ्याने वाचले जावो आणि मुलांना शेजारी बसवून वाचले जावो.

चर्चेसाठी प्रश्न

१. योशीया व यहोयाकीम यांच्या ऐकण्यात कोणता फरक होता? आपले वाचन कोणाच्या ऐकण्याशी मिळते?
२. आपण शास्त्र वाचतो हे आपल्या घरातील मुलांना कशावरून कळते?
३. आपल्या मंडळीत छापील अक्षरे वाचू न शकणारे कोण आहेत? त्यांना वचन ऐकवण्यासाठी या महिन्यात कोण काय करील?
४. आपल्या वर्गातील किती मुलांपाशी स्वतःचे मराठी शास्त्र आहे? ज्यांच्यापाशी नाही त्यांच्यासाठी काय करता येईल?