अर्जांची चाळणी एआयकडे देताना

भरती करणाऱ्यांसाठी

काय करावे

- कामाला लागणारी कौशल्ये आधी कागदावर उतरवा, मगच एआय चालू करा.
- एकच अर्ज तीन आडनावांनी घालून पाहा: कुलकर्णी, कांबळे, शेख. गुण बदलले तर चाळणी त्याच दिवशी थांबवा.
- सचिनच्या जागी सविता लिहूनही पाहा.
- निवडीचे प्रमाण गटवार मोजा: 100 पुरुषांतून 40 आणि 100 स्त्रियांतून 24 पुढे गेले, तर स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या 60 टक्केच भरते; अमेरिकेत 80 टक्क्यांखालचा आकडा धोक्याची खूण मानतात.
- स्त्रियांचा आणि दलितांचा हिशेब चोख आला तरी दलित स्त्रियांचा वेगळा मांडा. गळती बहुधा तिथेच लपते.
- जात, धर्म, दिव्यांगत्व ही माहिती संमतीने घ्या, गुण देणाऱ्या यंत्रापासून दूर ठेवा आणि फक्त तपासणीला वापरा; ती नसेल तर भेदभाव मोजणार कशाने?
- ऑनलाइन चाचणीत जादा वेळ आणि स्क्रीन रीडरची सोय द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, फक्त व्हीलचेअर नव्हे.
- अर्ज यंत्र वाचणार आहे, हे उमेदवाराला आधी सांगा.
- नाकारलेल्यांतले काही अर्ज दर आठवड्याला माणसाकडून वाचून घ्या. निवडलेले तर वाचले जातातच.
- प्रत्येक नकाराचे कारण नोंदवा. ‘स्कोअर कमी’ हे कारण नव्हे.

काय टाळावे

- जातीचा रकाना गाळला की झाले, असे समजू नका. आडनाव, पिनकोड, शाळेचे माध्यम, वडिलांचा व्यवसाय, अगदी शिष्यवृत्तीचे नावही तेच सांगून जाते.
- जुन्या भरतीच्या नोंदी जशाच्या तशा शिकवू नका. ॲमेझॉनचे प्रायोगिक यंत्र दहा वर्षांच्या अर्जांवर शिकले आणि स्त्रियांचे अर्ज मागे टाकू लागले.
- बाळंतपणाच्या खंडासाठी गुण कापू नका.
- आधीचा पगार निकषात घेऊ नका. कालचा अन्याय त्यातूनच पुढे सरकतो.
- फोटो मागू नका.
- चेहऱ्यावरून उत्साह किंवा प्रामाणिकपणा मोजू नका. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआयवर 2025 पासून बंदी घातली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेचे अपवाद सोडून.
- वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाच्या इंग्रजीला ‘संवादकौशल्य कमी’ ठरवू देऊ नका. जागा हिशेबनिसाची असेल तर उच्चार मोजूच नका.
- ‘आमच्यात मिसळून जाणारा’ असा निकष लिहू नका. (मिसळायचे कोणात, हे यंत्र जुन्या यादीवरून ठरवते.)
- लिंगाच्या रकान्यात दोनच पर्याय ठेवू नका. तृतीयपंथीयांशी नोकरीत भेदभाव करायला 2019 च्या कायद्याने मनाई आहे.
- ‘सिस्टीमने नाकारले’ असे उत्तर देऊ नका. सिस्टीम तुम्हीच बसवली आहे.
- विक्रेत्याच्या ‘पूर्णपणे निःपक्षपाती’ या शिक्क्यावर विसंबून सही करू नका. तुमच्याच अर्जांवर घेतलेल्या चाचणीचे आकडे मागा.
- एकदा तपासून विसरू नका. न्यूयॉर्क शहरात अशा साधनांचे स्वतंत्र ऑडिट दरवर्षी सक्तीचे आहे, आणि मॉडेल तर मधेच कधीही बदलते.