सोमवारची काठी

संथ पाण्यातल्या माशाला घाई नसते, हे आधी डोक्यात पक्कं बसव. खळाळत्या ओढ्यात काही वाहत आलं की मासा झटकन तोंड टाकतो. नाही टाकलं तर घास निघून जातो. पल्ल्याच्या यमुनेत किंवा आपल्या भिलवडीच्या कृष्णेत तसं नाही. तिथं मासा येतो, बघतो, मिशांनी चाचपतो, बाजूला होतो, वाटलं तर परत येतो. त्याच्याकडे वेळ आहे, म्हणून तुझी सगळी लबाडी त्याला दिसते. मोबाइलवर त्या अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून तू लांबच लांब लाइन फेकायला शिकलास, फेक तुझी झकास आहे. पण कार्पला लांब फेकीचं कौतुक नाही. वीस-पंचवीस फुटांवरून, आवाज न होता, नेमकी त्याच्या वाटेत पडली पाहिजे.

वार सोमवारच धर. करोल बागेचा बाजार त्या दिवशी बंद, आपली भट्टीही थंड. विटा-खानापूरहून गलईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्याला इथं आलेल्या घरांतली पोरं सोमवारी कपडे धुतात, गावाकडं फोन करतात आणि झोपा काढतात. तू नदीवर जा. सोमवार शंकराचा, आपल्या घरात त्या दिवशी मासा शिजत नाही, त्यामुळे धरलेला घरी आणायचा मोहच नको. तसाही यमुनेचा मासा खायच्या लायकीचा राहिलेला नाही. १९५९ साली बांधलेल्या वझिराबादच्या बंधाऱ्याखाली नजफगढचा नाला नदीला मिळतो आणि तिथून ओखल्यापर्यंतचे २२ किलोमीटर नदी नुसती नावाची. मासे बघायचे तर बंधाऱ्याच्या वर, नदी दिल्लीत शिरते त्या पल्ल्याच्या अंगाला. इंग्रजांच्या काळात ओखल्याच्या बंधाऱ्याखाली साहेब लोक महाशीर धरायला बसत, हे आज कुणाला सांगितलं तर हसेल. आता तिथं १९९० पासून पक्षी अभयारण्य आहे. तिकडं काठी घेऊन फिरकायचंही नाही.

आता हातांचं. ही गोष्ट तुला कुठल्या व्हिडिओत सापडणार नाही, कारण त्यातला कुणी गलईवाला नाही. आपल्या बोटांना शोऱ्याच्या तेजाबाचा वास असतो, टाकणखार असतो, मुशीची काजळी असते, वर तुझी ती तंबाखू. आपल्याला सवयीनं काही कळत नाही. कार्पला कळतं. त्याचं नाक तिखट आणि चव घ्यायच्या गाठी जिभेवरच नव्हेत, मिशांवर, ओठांवर, अंगावरसुद्धा असतात. साबणानं धुतलेस तर साबणाचा वास. म्हणून नदीवर पोचल्यावर आधी काठचा गाळ घ्यायचा, मूठभर, आणि कोपरापर्यंत चोळायचा, नखांच्या कडा विसरायच्या नाहीत. मग त्याच गाळात फ्लायही, म्हणजे गळावर पिसं-लोकर बांधून केलेली नकली अळीही, दाबून काढायची. नवी कोरी फ्लाय कधी पाण्यात टाकू नये. आणि एक, गळ आणि लीडरचा, म्हणजे लाइनच्या टोकाचा, दोरा दुकानात ठेवायचा नाही. तेजाबाच्या वाफेनं गळ बघता बघता गंजतो आणि नायलॉन आतून कुजतं. बाहेरून चांगलं दिसतं आणि मोठा मासा लागला की टचकन तुटतं. खोलीवर डब्यात, घट्ट झाकण लावून ठेव.

फ्लाय विकत आणू नकोस. फ्लाय बांधायला जे लागतं ते सगळं आपल्या गल्लीत आहे आणि आपल्यासारखी हत्यारं कुणाकडं आहेत? सोनाराचा हातशिकंजा गळ धरायला, बारीक चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग. दागिन्यांच्या कारखान्यातून तांब्याची केसासारखी तार मागून घे, ती वजनालाही आणि चमकेलाही. खाटकाकडून कोंबड्याच्या मानेची तपकिरी पिसं, लोकरीच्या दुकानातून मातकट लोकर, आणि गळून पडलेल्या मोरपिसाचे दोन-चार तंतू. आठ नंबरच्या गळावर आधी तार गुंडाळ, वर लोकर, वर मोरपिसाचा वेढा. डोक्याशी पितळी मणी घाल. झाली फ्लाय. देखणी करायच्या नादाला लागू नकोस. पाण्याखाली ती चिखलातल्या अळीसारखी दिसली की पुरे. गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट करून टाक. मासा सोडायचाच आहे, मग त्याचा जबडा कशाला फाडायचा? तुझ्या कानात गळ अडकला तरी तो सुखानं निघेल, हा वरचा फायदा.

रॉड सात किंवा आठ नंबरचा, तरंगणारी लाइन, दहा पौंडी टोक. याहून जास्त सामान म्हणजे दुकानदाराचं भलं.

पाण्यावर गेल्यावर पहिला अर्धा तास काठी पिशवीतच ठेव. पोलराइज्ड चष्मा लाव आणि ऊन तोंडावर घेऊन बस, म्हणजे सावली मागं पडेल. उभा राहू नकोस, उकिडवा बस. पाऊल जपून टाक, काठावर धपधप चाललास की ते माशाला पाण्यातून कळतं. पांढरा शर्ट घालून आलास तर मी ओळख दाखवणार नाही. बघायचं काय, तर बारीक बुडबुड्यांची ओळ हळूहळू सरकते का, तळातून धुरासारखा गाळ उठतो का. तिथं सायप्रिनस, म्हणजे आपला नेहमीचा कार्प, डोकं खाली घालून चरत असतो. हा मासा मूळचा आपला नाही. १९३९ मध्ये निलगिरीत आणला, मग १९५७ मध्ये त्याची दुसरी जात बँकॉकहून आली आणि देशभर पसरली. रोहू आणि मृगळ आपले, पण रोहू पाण्याच्या मधल्या थरात शेवाळ खुडत फिरतो, त्याला फ्लाय गिळवणं जिकिरीचं. कटला वरच्या थरात तरंगतं सूक्ष्म खाद्य गाळून खातो. त्याच्या मागं लागून दिवस घालवू नकोस. नवशिक्यानं सायप्रिनसच धरावा.

त्याच्या तोंडावर टाकू नकोस, बुजेल. तो सरकतोय त्या वाटेवर दोन हात पुढं टाक, बुडू दे, आणि तो जवळ आला की बोटभर ओढून थांब. आता लाइनकडं बघत बसू नकोस, माशाकडं बघ. तो किंचित कलतो, कल्ले फुलतात, पांढरा ओठ चमकतो, तोच क्षण. काठी वर उचलायची नाही, डाव्या हातानं लाइन सरळ मागं ओढायची. काठी उचललीस आणि घास चुकला तर फ्लाय पाण्याबाहेर येते आणि आसपासचे सगळे मासे पळतात. हातानं ओढलीस तर तिथंच राहते, कधी कधी तोच मासा परत वळतो. लागला की पहिल्या धावेला अडवू नकोस. रीळ वाजू दे.

मार्चअखेर ते एप्रिल दिल्लीत तुती पिकते. जिथं तुतीचं झाड पाण्यावर वाकलंय तिथं टपटप फळं पडतात आणि खाली कार्प तोंड वर करून उभे. तेव्हा अळी-बिळी सगळी ठेवून दे. काळपट जांभळ्या लोकरीचा गोळा गळावर बांध आणि फळ पडावं तसा टप्पकन टाक. वर्षभर आवाजाला भिणारा मासा त्या दिवसांत आवाजाकडं धावतो. कृष्णाकाठी हेच काम उंबर करतो. भिलवडी-औदुंबरकडं जाशील तेव्हा मात्र पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा. तिथं मगरी आहेत आणि माणसं ओढलेली आहेत.

बास धरायचाय म्हणतोस. तुझ्या व्हिडिओतला तो अमेरिकन बास इथं कुठून आणायचा? आपला बास म्हणजे जिताडा. गोव्यात त्याला चणक म्हणतात. त्याला खारं-गोडं दोन्ही पाणी चालतं. दिवाळीला तुझ्या ताईकडं पेणला जाशील तेव्हा खाडीच्या उघाडीपाशी बस, ओहोटी लागताना. शेतातलं पाणी उघाडीतून बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारकी मासळी येते आणि जिताडा सावलीत दबा धरून असतो. तिथं बकऱ्याच्या पांढऱ्या केसांची बोटभर लांब फ्लाय घे, झटके देत ओढ. कार्पसारखं ताटकळत बसणं नाही, पाण्यात खोल ‘भुप्’ असा आवाज होतो आणि काठी वाकते. कल्ल्याला हात लावू नकोस, कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, दोराही कापते आणि बोटही. म्हणून टोकाला जाड दोरा लाव. मोठा जिताडा लागला तर सोड. ही जात आधी नर असते, वाढून मादी होते; मोठी असते ती अंडी घालणारी. ताई चिडेल. जिताड्याचं कालवण डोळ्यांसमोर असताना मासा सोडून आलास म्हणून आठवडाभर बोलेल. लहान एखादा घेऊन जा, म्हणजे तोंड बंद.

महाडजवळ वाळणकोंडीला महाशीर बघायला जरूर जा, पण काठी घरी ठेवून. ते देवाचे मासे आहेत, गावानं राखलेत. उत्तरेतला सोनेरी महाशीर तर धोक्यातल्या जातींच्या यादीत गेलाय.

पावसाळ्यात नदीवर जायचं नाही. पाणी गढूळ, वर विणीचा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत कार्प थंडीनं गोठल्यासारखा पडून असतो, तेव्हा खोलीवर बसून फ्लाय बांध. मत्स्य विभागाचा परवाना काढल्याशिवाय पहिली फेक टाकायची नाही. काठावर कुणी विचारलं तर खिशातून कागद काढता आला पाहिजे, मामाचं नाव नव्हे. मासा सोडताना हात ओला कर, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी धरते. डोकं प्रवाहाकडं करून पाण्यात धर, स्वतःहून निसटेपर्यंत.

मोटारसायकलची चावी काउंटरच्या वरच्या खणात आहे. पेट्रोल तुझं. आणि मंगळवारी सकाळी भट्टी पेटवायच्या वेळेला हजर राहा, गाळाचे हात धुऊन.