ग्रंथनिर्मितीचे अनुदान आणि मुक्त वापराचा हक्क

विद्येच्या कार्यास द्रव्यसाहाय्य देण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पेशवेकाळी श्रावणमासात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा दिली जाई. १८१८ नंतर इंग्रजी अमलातही ती काही काळ चालू राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिच्यातील काही रक्कम मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्याकडे वळविण्यात आली. हे स्थित्यंतर अर्थपूर्ण आहे. द्रव्य केवळ व्यक्तीच्या विद्वत्तेस न देता, समाजास वाचता येईल अशा ग्रंथास द्यावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. त्यातून उद्भवणारा पुढचा प्रश्न असा, की सार्वजनिक द्रव्यातून सिद्ध झालेल्या ग्रंथाचा वापर कोणी व कसा करावा. विद्यापीठीय अध्यापनसाहित्याच्या संदर्भात हा प्रश्न आज नव्याने उभा राहिला आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील या दिशेचा सर्वांत व्यापक प्रयत्न म्हणजे १९६८-६९ मध्ये सुरू झालेली प्रादेशिक भाषांतील विद्यापीठीय ग्रंथनिर्मितीची केंद्रीय योजना होय. तीनुसार सहभागी राज्यांना प्रत्येकी १ कोटी रुपयांपर्यंत साहाय्य उपलब्ध करण्यात आले. वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेसाठी केंद्र शासनाने १९६१ मध्ये स्थापिलेल्या आयोगामुळे या कार्यास परिभाषेचा आधार लाभला होता. केरळात भाषा इन्स्टिट्यूट, आंध्रात तेलुगू अकादमी, गुजरातेत युनिव्हर्सिटी ग्रंथनिर्माण बोर्ड आणि महाराष्ट्रात नागपूर येथील विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ यांनी हे काम अंगावर घेतले. मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यावयाचे, तर त्या भाषेत ग्रंथ हवेत, आणि मर्यादित खपाचे ग्रंथ केवळ बाजाराच्या बळावर निघत नाहीत, ही या योजनेमागील भूमिका यथार्थ होती.

परंतु अनुदानाने ग्रंथ छापला जातो. तो वाचकाच्या हाती राहीलच, याची हमी त्यात नसते. आवृत्ती संपली व पुनर्मुद्रण झाले नाही, की ग्रंथ अस्तित्वात असूनही विद्यार्थ्यास नसल्यासारखाच होतो. दुसऱ्या कोणास तो छापावयाचा असेल, सुधारावयाचा असेल किंवा अन्य भाषेत न्यावयाचा असेल, तर स्वामित्वहक्काची अडचण पुढे येते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचे स्वामित्व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. पाठ्यग्रंथाचे उपयुक्त आयुष्य सामान्यतः याहून कितीतरी अल्प असते. म्हणजे हक्क संपेपर्यंत ग्रंथाचे प्रयोजनच संपलेले असते.

या अडचणीचे उत्तर ‘मुक्त शैक्षणिक साधने’ या संकल्पनेत आढळते. ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधील परिषदेत रूढ झाली आणि २०१९ च्या शिफारशीत तिला निश्चित रूप मिळाले. साधन विनामूल्य पाहता यावे, एवढेच येथे अभिप्रेत नाही. त्याचा पुनर्वापर, रूपांतर व पुनर्वितरण करण्याची अनुमती आधीच देऊन ठेवलेली असावी, हे महत्त्वाचे. लेखकाचे स्वामित्व येथे नष्ट होत नाही. केवळ अनुमतीचे स्वरूप बदलते. शालेय साधनांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भांडाराने श्रेयनिर्देश व समान अटींवर वितरण या दोन अटींचा परवाना स्वीकारला, हे या संदर्भात उल्लेखनीय आहे.

भारतीय भाषांच्या दृष्टीने परवान्याची निवड ही निव्वळ तांत्रिक बाब नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या काही परवान्यांत रूपांतरित आवृत्ती प्रसृत करण्यास मनाई असते. या परवान्यांच्या दृष्टीने भाषांतर हेही रूपांतरच होय. तेव्हा असा परवाना लावलेला मराठी ग्रंथ जगभर विनामूल्य वाचता येईल, पण कन्नड वा बंगाली अध्यापकास त्याचे भाषांतर स्वतंत्र अनुमतीवाचून प्रसिद्ध करता येणार नाही. एका भाषेसाठी खर्ची पडलेले सार्वजनिक द्रव्य दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडावयाचे असेल, तर भाषांतराची मोकळीक अनुदानाच्या अटींतच अंतर्भूत असणे आवश्यक ठरते.

साहित्याच्या अध्यापनात आणखी एक गुंतागुंत आहे. संपादक आपली प्रस्तावना, टीपा व विवेचन मुक्त करू शकतो. दुसऱ्याच्या कविता तो मुक्त करू शकत नाही. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांवरील स्वामित्व २०१६ अखेर संपले. विंदा करंदीकर २०१० मध्ये निवर्तले; त्यांच्या तशा कवितांना २०७० अखेरपर्यंत संरक्षण आहे. एकाच आधुनिक काव्यसंग्रहात या दोघांचा समावेश करणाऱ्या संपादकास म्हणूनच दोन भिन्न मार्ग अवलंबावे लागतात. अनुमतीच्या शुल्काची तरतूद अनुदानात नसेल, तर समकालीन कविता वगळण्याचा मोह होतो, आणि विद्यार्थ्यापुढे साहित्याचे चित्र काही दशके मागे राहते. आर्थिक तरतुदीतील उणीव अशा रीतीने अभ्यासक्रमाच्या आशयात उतरते.

यावरून अनुदानाच्या आराखड्यात काय असावे, हे स्पष्ट होते. लेखकास व परीक्षकास योग्य मानधन मिळाले पाहिजे; मुक्त याचा अर्थ फुकट श्रम असा नव्हे. उद्धृत साहित्याच्या अनुमतीसाठी आणि कालांतराने करावयाच्या सुधारणेसाठी स्वतंत्र रक्कम राखून ठेवावी. ग्रंथाची केवळ पानांची छायाचित्रे न ठेवता, शोधता व संपादित करता येईल अशी युनिकोड संहिता सार्वजनिक भांडारात जमा व्हावी. आणि परवाना कोणता, हे लेखनारंभीच करारात नमूद असावे. लेखक दिवंगत झाल्यावर वारसांचा शोध घेत अनुमती मिळविणे दुष्कर असते.

मराठी विश्वकोशाचे खंड आज महाजालावर विनामूल्य वाचावयास मिळतात. शासनाच्या द्रव्यावर उभे राहिलेले कार्य मुद्रित आवृत्तीच्या मर्यादेपलीकडे कसे जाऊ शकते, हे त्यावरून दिसते. वाचनाच्या या मोकळिकीला पुनर्वापराच्या व भाषांतराच्या मोकळिकीची जोड मिळणे, ही पुढची पायरी होय. तोपर्यंत किती ग्रंथ निघाले, या संख्येवरच अनुदानाचे यश मोजले जात राहील. त्यांपैकी किती ग्रंथ पुढच्या पिढीला वापरता आले, हे अलक्षितच राहील.