शीतकपाटातील वायूची नळी

अमेरिकेत १९७८ साली झालेल्या कायद्याने प्रौढ नागरिकांना घरच्या वापरापुरती बिअर करमुक्त तयार करण्याची मुभा मिळाली. तेथील कित्येक हौशी मंडळी जुन्या शीतकपाटात बिअरचे पोलादी पिंप ठेवतात व कपाटाच्या दारावर तोटी बसवितात. पेय तोटीपर्यंत ढकलणे आणि त्यातील वायू टिकविणे, ही दोन्ही कामे कार्बन डायऑक्साइडकडून करवून घेतली जातात. या वायूचे सिलिंडर बाहेर ठेवावयाचे, तर नळीसाठी कपाटाला भोक पाडावे लागते. काम वरवर पाहता गिरमिटाचे. परंतु त्यामागे पदार्थविज्ञानाचे काही महत्त्वाचे नियम आहेत.

प्रथम वायूच्या विरघळण्याचा विचार करू. आंबत्या बिअरवर साठणारा हाच वायू जोसेफ प्रीस्टली याने लीड्स येथे १७६७ साली पाण्यात विरघळविला. आपल्या परिचयाचे सोडावॉटर ते हेच. पुढे १८०३ साली विल्यम हेन्री याचा नियम प्रसिद्ध झाला. तापमान कायम असता द्रवात विरघळणारा वायू त्याच्या दाबाच्या प्रमाणात वाढतो, असे तो नियम सांगतो. थंडीही याला साहाय्य करते. वातावरणाच्या दाबाखाली एक लिटर पाणी ०° सेल्सिअसला सुमारे १.७ लिटर वायू सामावून घेते, तर २०° ला जेमतेम ०.९ लिटर. म्हणूनच ४° च्या आसपास, वातावरणाहून सुमारे ०.८ पट अधिक दाब दिला, की बिअरमध्ये तिच्या घनफळाच्या अडीचपट वायू मावतो.

सिलिंडरात मात्र हा वायू द्रवरूपात असतो. २०° ला तेथील दाब वातावरणाच्या सुमारे ५६ पट असतो. म्हणून मध्ये दाबनियामक अपरिहार्य ठरतो. सिलिंडर उभेच ठेवावे, नाहीतर द्रव नियामकात शिरेल. सिलिंडर थंड कपाटात ठेवल्यास काटा सुमारे ३८ पर्यंत उतरतो. नवशिक्याला वाटते, वायू गळाला. परंतु आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब केवळ तापमानावर अवलंबून असतो. उरलेला साठा काट्यावरून नव्हे, तर वजनावरूनच कळतो.

आता भोकाकडे वळू. आतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या पुष्कळ कपाटांत बाजूच्या पत्र्याआडच दडविलेल्या असतात. त्यांपैकी एकीला छिद्र पडले, की शीतक वायू निसटतो व कपाट निकामी होते. अनेक नव्या कपाटांतील आयसोब्युटेन तर ज्वालाग्राही असतो. यावर हौशी लोकांची एक युक्ती आहे. मक्याचे स्टार्च स्पिरिटमध्ये कालवून पत्र्यावर पातळ थर द्यावा. कपाट चालू असता उष्ण नळीवरचा पट्टा आधी वाळून पांढरा होतो. या वेळी जवळ ज्योत वा ठिणगी नसावी. परंतु थंड नळ्या आणि विजेच्या तारा या युक्तीने सापडत नाहीत. त्यासाठी निर्मात्याचा आराखडाच पाहावा. तो नसेल तर बाजूच्या भिंतीपेक्षा दार अधिक सुरक्षित, कारण दारात शीतकाच्या नळ्या सहसा नसतात. मात्र दार उघडता-मिटता ताण पडू नये, एवढी नळी सैल सोडावी. भोक पाडण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी. भोकात रबरी कडे बसवून फट बुजवावी, अन्यथा दमट हवा शिरून उष्णतारोधक थर ओला होतो.

शेवटी प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावावा. बुडबुडे फुगले तर तेथे गळती आहे, असे समजावे. ही परीक्षा क्षुल्लक मानू नये. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही आणि हवेच्या दीडपट जड असल्याने तो तळघरात साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारणतः ०.०४ टक्के असते; ते १० टक्क्यांपर्यंत चढले, तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. म्हणून असे कपाट हवेशीर खोलीतच ठेवावे. पत्र्याला भोक पाडण्यास काही क्षण पुरतात. ते कोठे पाडावे, हे ठरविण्यासाठी मात्र पत्र्यामागील सारे यंत्र आधी समजून घ्यावे लागते.